तेल बदलले, पण लिफ्ट उचलेना
जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेतील एक नेहमीची चूक आणि तिची दुरुस्ती

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. राब भाजून टाकलेली रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की आवणीला विलंब लावता येत नाही. रोप राबात जून झाले तर त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. खाचरात पाणी साचले आहे, आवणीचे मजूर बांधावर येऊन बसले आहेत आणि चिखलणीसाठी आणलेल्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार उचलत नाही, अशी वेळ ज्याच्यावर आली असेल त्यालाच या लेखाच्या विषयाचे महत्त्व पटेल.

कर्जत रेल्वे स्थानकालगतचे भिसेगाव आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. तेथे घरांची दाटी वाढली असली तरी भोवतालच्या गावांतून भातशेती टिकून आहे. भिवपुरीच्या वीजनिर्मिती केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने खाली येते व त्यावर काही गावांत उन्हाळी भातही घेतले जाते. खाचरे लहान, बांध पुष्कळ आणि खातेदारांची जमीन तुकड्यातुकड्यांत विभागलेली, यामुळे या भागात नवा ट्रॅक्टर घेणे थोड्यांनाच परवडते. पंधरा, वीस, क्वचित तीस वर्षे जुना ट्रॅक्टर घ्यायचा आणि तो स्वतःच्या शेताबरोबर शेजाऱ्यांच्या शेतावरही भाड्याने चालवायचा, ही येथील सर्वसाधारण रीत आहे. यास्तव एक ट्रॅक्टर बंद पडला की केवळ एका घरची नव्हे, तर आठ-दहा घरची आवणी रखडते.

लिफ्ट म्हणजे काय?

ट्रॅक्टरच्या मागील तीन दांड्यांना अवजार जोडावयाचे आणि चालकाने बसल्या जागेवरून एका लिव्हरने ते उचलावयाचे वा खाली सोडावयाचे, ही रचना मुख्यतः हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाची. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती बाजारात आली आणि पुढे जगभर रूढ झाली. आपल्या देशात १९५९ मध्ये आयशर, १९६० मध्ये टॅफे आणि १९६३ मध्ये महिंद्रा यांच्या उद्योगांनी ट्रॅक्टरनिर्मितीत पाऊल टाकले. आज आपल्या खेड्यांत जे जुने ट्रॅक्टर दिसतात, त्यांच्या लिफ्टचे मूळ तत्त्व तेच आहे.

तत्त्व शाळेतील पाठ्यपुस्तकात शिकविला जातो तो पास्कलचा नियम. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पंप तेलाला दाब देतो. ते तेल नियंत्रक झडपेतून सिलिंडरमध्ये जाते, तेथील दट्ट्या सरकतो आणि बाहू वर उचलले जातात. जुन्या ट्रॅक्टरांतही हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५० ते २०० किलो इतका चढतो. याची कल्पना यावी म्हणून आपल्याच परिसरातील उदाहरण घेऊ. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. तेथे घाटमाथ्यावरून नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खोल पाणी उतरते. दहा मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो धरला, तर पायथ्याशी तो पन्नास किलोंच्या आसपास होतो. म्हणजे भिसेगावच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात खोपोलीच्या नळांच्या निदान तिप्पट दाब खेळत असतो. सिलिंडरचा व्यास साडेसात सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर होते, आणि १५० किलो दाबाने त्यावर ६,६०० किलोंचा जोर पडतो. बाहूंच्या लांबीमुळे दांड्यांच्या टोकाशी हा जोर बराच कमी होतो, हे खरे. तरीही हजार किलोंच्या आसपास वजन पेलण्याची शक्ती तेथे शिल्लक राहते.

इतका दाब धरून ठेवणाऱ्या झडपेतील फट किती असावी? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील पाच-दहा भाग. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. चिंधीचा एक धागा, गंजाचा एक कण वा चिखलाचा सूक्ष्म गाळ या फटीत अडकला की झडप एक तर बंद होत नाही, नाही तर उघडत नाही.

चूक कशी घडते?

एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मागील पावसाळ्यात ट्रॅक्टर लोखंडी चाके लावून गुडघाभर चिखलात चालला. गिअर लिव्हरचे रबरी बूट फाटलेले, डिपस्टिकची टोपी सैल आणि धुराच्या सील झिजलेल्या, यामुळे थोडे थोडे पाणी आत गेले. हंगाम संपल्यावर पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धुतला, तेव्हा आणखी थोडे गेले. उन्हाळ्यात तो मांडवात उभा राहिला. मे महिन्याच्या अखेरीस लिफ्ट धक्के देत वर येऊ लागली. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल ताकासारखे पांढुरके झालेले. मालकाने घाईने तेल बदलविले. एवढे केल्यावर लिफ्ट सुधारावी, तर ती पूर्वीपेक्षाही बिघडली. काही वेळा मुळीच उचलेनाशी झाली.

आता दुसरी चूक घडते आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. 'पंप गेला' असा निष्कर्ष काढला जातो, किंवा कोणीतरी दाबनियंत्रक झडपेच्या स्प्रिंगमागे एक-दोन वायसर घालून दाब 'वाढवून' देतो. या झडपेचे काम पंप व सिलिंडर यांचे रक्षण करण्याचे आहे. वायसर घातल्याने गळती थांबत नाही, केवळ ती लपते. मग एखाद्या दिवशी जड अवजार उचलताना पंपाचा एखादा भाग वा सिलिंडरचे ओतीव कवच तडकते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी कड्यांनी भागले असते, तेथे हजारोंचा खर्च अंगावर येतो. असे वायसर ज्या ट्रॅक्टरमध्ये सापडतील, तेथे ते काढून झडप मूळ स्थितीत आणावी आणि दाबमापक लावूनच तिची तपासणी करवून घ्यावी. हे काम दाबमापक असलेल्या कार्यशाळेचे आहे, बांधावरचे नाही.

तेल बदलताना नेमके काय चुकले असावे? अनुभवावरून पाहता बहुधा पुढीलपैकी एक किंवा दोन गोष्टी चुकलेल्या असतात.

जुने तेल पुरते काढलेले नसते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत गिअरपेटी, मागील धुरा आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते; पण तळाशी ड्रेन प्लग एकाहून अधिक असतात. एकच प्लग उघडला तर पाणी मिसळलेले कित्येक लिटर तेल कप्प्यांत तसेच राहते आणि नव्या तेलाला चार तासांत पांढरे करून टाकते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते नेमके सर्वांत खालच्या कप्प्यात बसलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

जाळी काढून ती चिंधीने वा कापसाच्या बोळ्याने पुसलेली असते. तिचे तंतू जाळीत अडकतात व पुढे झडपेत जातात. याहूनही वारंवार होणारी चूक म्हणजे जाळी बसविताना तिच्या तोंडाशी असलेले रबरी कडे विसरणे किंवा चपटे झालेले जुनेच कडे परत घालणे. अशा फटीतून पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून लिफ्ट थरथरते, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि तेलावर फेस येतो.

तेल चुकीचे ओतलेले असते. 'जाड तेल म्हणजे चांगले तेल' असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. १४० क्रमांकाचे गिअर तेल गिअरच्या दातांना मानवत असेल. पंपाला मात्र ते थंडीत ओढताच येत नाही. काही गिअर तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये काशाच्या बुशांना मारक ठरू शकतात. उलटपक्षी ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात, तेथे भलते तेल घातल्यास ब्रेक कचरू लागतात किंवा नीट लागत नाहीत, आणि मग हा प्रश्न लिफ्टपुरता राहत नाही. यास्तव उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा हाच प्रमाण मानावा, दुकानदाराचा सल्ला नव्हे. पुस्तिका हरवली असल्यास त्या कंपनीच्या विक्रेत्याकडून मॉडेल व वर्ष सांगून दर्जा विचारून घ्यावा आणि तो मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा.

आणि काही वेळा काहीच बिघडलेले नसते! फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप पी.टी.ओ.च्या दांड्यावर चालतो. दुरुस्तीच्या वेळी पी.टी.ओ.चा लिव्हर न्यूट्रलमध्ये केला आणि तसाच राहिला, तर पंप फिरतच नाही. अशा ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबल्यावर लिफ्ट थांबते, हाही दोष नव्हे. पंप उतरवून तालुक्याच्या गावी नेल्यावर हे ध्यानात येण्यापेक्षा आधीच एकदा लिव्हर पाहिलेला बरा.

दोन लिव्हरांचा घोटाळाही असाच. एक लिव्हर अवजाराची उंची ठरवितो, दुसरा ओढीनुसार खोली सांभाळतो. चिखलणी व रोटाव्हेटर यांसाठी उंचीचा लिव्हर वापरावयाचा असतो, नांगरटीसाठी ओढीचा. ओढीचा लिव्हर चुकीच्या जागी असेल तर अवजार मध्येच वर येते वा एकदम खाली बसते आणि चालक झडपेला दोष देतो.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम सुरक्षितता. लिफ्टने उचललेल्या अवजाराखाली किंवा वर केलेल्या ट्रॉलीखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही शिरू नये. एक रबरी कडे फाटले तर काहीशे किलोंचे अवजार क्षणात खाली येते. अवजार जमिनीवर टेकवावे. ते वर ठेवणे भागच असेल तर भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटा किंवा दगड चालत नाहीत. ट्रॉलीला पोलादी टेकू द्यावा. दाबाखालील पाइपाला सुईएवढे छिद्र असल्यास त्यावर बोट फिरवून गळती शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. तेलाची धार कातडीत घुसली तर जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, दुखतही नाही, परंतु काही तासांत आतील मांस मरू लागते व बोट वा हात गमावण्याची वेळ येते. अशा माणसाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि जखम तेलाच्या दाबाने झाली आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करावे. त्यामुळे ते पातळ होते आणि तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर पडतो. सपाट जागी उभा करून बाहू पूर्ण खाली सोडावेत, म्हणजे सिलिंडरमधील तेलही परत येते. ट्रॉलीचा जॅक जोडलेला असल्यास तोही खाली बसवावा. प्लगभोवतीची माती खरवडून, पुसून मगच ते उघडावेत. सर्वच प्लग उघडावेत. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबावे. चहा पिऊन येण्याइतका वेळ सहज लागतो.

निघालेले तेल फेकून देण्यापूर्वी पाहावे. त्याचा एक पेला काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवल्यास सुटे पाणी तळाशी दिसते. पाणी तेलात पुरते विरघळल्यासारखे झाले असेल तर तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकावेत. तडतड झाली की पाणी आहे असे समजावे. (हा प्रयोग उघड्यावर आणि तोंड दूर ठेवून करावा.) तेलात बारीक करडा लेप दिसला तर ती नेहमीची झीज होय. चमकणारे तुकडे वा पापुद्रे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग तुटत आहे, आणि तेव्हा नुसते तेल बदलून भागणार नाही.

जाळी डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुवावी, आतून बाहेर हवा मारून वाळवावी. कापड लावू नये. तारांचे विणकाम फाटले असेल तर डाग देऊन वापरण्याचा मोह टाळून नवीच घ्यावी. रबरी कडे नवे घालावे व बसविण्यापूर्वी त्याला स्वच्छ तेलाचे बोट लावावे. कोरडे कडे बसताना पिळते आणि कापले जाते.

तेल पांढरे झालेले असेल तर एकदा भरून भागत नाही. प्रथम योग्य दर्जाचेच तेल किमान पातळीपर्यंत भरून, भार न देता पंधरा-वीस मिनिटे लिफ्ट वरखाली करावी आणि ते तेल काढून टाकावे. एवढ्यासाठी डिझेल वा रॉकेल भरून पंप चालविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. या द्रवांत वंगण नसल्याने पंप कोरडाच घासला जातो. दुसऱ्यांदा भरलेले तेल हे खरे तेल. या यंत्रणेत मॉडेलप्रमाणे वीस ते चाळीस लिटर तेल मावते, म्हणून दोनदा भरण्याचा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो नव्या पंपाच्या किमतीशी ताडून पाहावा. शिवाय पाणी ज्या वाटेने आत आले ती वाट, म्हणजे फाटके बूट, सैल टोपी, झिजलेली सील, याच वेळी बंद केली नाही तर हा सारा खर्च श्रावणापर्यंतही टिकणार नाही.

तेल बारीक जाळीच्या स्वच्छ नरसाळ्यातून भरावे. दहा मिनिटांनी पातळी पाहावी. मग एंजिन मंद गतीवर ठेवून, पी.टी.ओ.चा लिव्हर तपासून, अवजार न जोडता बाहू आठ-दहा वेळा वरखाली करावेत. यामुळे अडकलेली हवा निघून जाते. एंजिन बंद करून बाहू खाली असताना पातळी पुन्हा पाहावी. ती उतरलेली असते, तेवढी भर घालावी. फेस असेपर्यंत डिपस्टिकवरील खूण खोटी असते, हे विसरू नये.

अखेरची परीक्षा नेहमीच्या अवजाराने करावी. ते पूर्ण उचलून एंजिन बंद करावे, बाहूच्या उंचीची खडूने खूण करावी आणि दूर उभे राहून पाहावे. अवजार सावकाश, बऱ्याच वेळाने थोडे उतरले तर जुन्या ट्रॅक्टरला ते क्षम्य आहे. ते लगेच बसले, किंवा एंजिन चालू असताना बाहू मान डोलावल्यासारखे ठरावीक अंतराने खालीवर होऊ लागले, तर दट्ट्याचे कडे वा झडप आतून गळते आहे. ते काम मिस्त्रीकडे सोपवावे. पंप एंजिनच्या बाजूस बसविलेला आणि लिफ्टचे तेल वेगळ्या टाकीत असलेला ट्रॅक्टर असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. लिफ्टचे तेल बाहेर न गळता कमी होते आणि एंजिनच्या तेलाची पातळी मात्र वाढते, असे आढळले तर पंपाच्या दांड्याची सील गेलेली आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू केल्यापासून गट व सहकारी संस्थांच्या भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना साहाय्य मिळू लागले. अशा केंद्रांच्या दप्तरी भाड्याची नोंद बिनचूक सापडते. तेल कोणत्या तासाला, कोणते व किती भरले याची नोंद मात्र क्वचितच सापडते. एक साधी वही पुरे. तपासणीसाठी पदाधिकाऱ्यांनी प्रथम तीच मागावी. चालकांना किंवा केंद्राच्या यंत्रचालकांना रीतसर शिक्षण द्यावयाचे असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची व चाचणीची संस्था आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र तर कर्जतमध्येच आहे. भाताच्या वाणांसाठी तेथे जाणाऱ्या शेतकऱ्यांनी चिखलणीच्या अवजारांविषयीही तेथे विचारणा करण्यास हरकत नाही.

शिक्षकांना वर्गात पास्कलचा नियम दाखविण्यासाठी एक लहान व एक मोठी इंजेक्शनची नळी, त्यांना जोडणारी रबरी नळी आणि रंगीत पाणी एवढे साहित्य पुरते. लहान नळीचा दट्ट्या दाबला की मोठ्या नळीचा दट्ट्या अधिक जोराने, पण कमी अंतर उचलला जातो. त्यानंतर त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा सोडावा. दट्ट्या अडखळत, दबत चालतो. गावातील ज्या मुलांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ती लिफ्ट का थरथरते ते लगेच सांगतील.

कामाची वेळ वैशाखातली धरावी. मृग लागल्यावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, मिस्त्री मिळत नाही, सुटे भाग मिळत नाहीत आणि उघड्यावर खोललेल्या लिफ्टमध्ये पावसाचे पाणी शिरते.

निघालेल्या तेलाचा प्रश्न पंचायतीच्या व नगरपरिषदेच्या कक्षेतला आहे. वीस-तीस लिटर काळे तेल ओढ्यात ओतले की ते उल्हास नदीला मिळते, आणि त्याच नदीचे पाणी खालच्या गावांत व शहरांत प्यायले जाते. घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. गावातील गॅरेज व ट्रॅक्टरमालकांकडील असे तेल झाकणाच्या पिंपात एकत्र साठवावे, त्यात पाणी अथवा रॉकेल मिसळू देऊ नये, आणि पिंप भरल्यावर ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया उद्योगाकडे सोपवून त्याची पावती दप्तरी लावावी.